जे वंदनाच्या मोबाईलवर चालेल तेच

लातूरच्या बसस्टँडवर हैदराबादची गाडी लागली तेव्हा अण्णांनी माझी बॅग शेवटची एकदा उघडून बघितली. लोणच्याची बरणी नीट बांधलीय ना, एवढंच त्यांना बघायचं होतं. पण हाताला लागली रंगीत फाशांची पिशवी.

"हे कशाला? तिकडं नोकरीला चाललीस का खेळायला?"

"दोन्हीला," मी म्हणाले आणि पिशवी परत कपड्यांखाली सरकवली.

गाडी हलली. अण्णा खिडकीला धरून चार पावलं चालले. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, डोळ्यांत पाणी असतानासुद्धा शिकवल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. "सुनंदा, खेळ लेकरांचे असतात." हे वाक्य माझ्यासोबत विमानात बसलं, डब्लिनला उतरलं, माझ्या भाड्याच्या खोलीत राहायला आलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज चाळिशीच्या उंबरठ्यावरही पटत नाही. तुम्ही तिकडं राहिलेले, तुम्ही माझ्यासारखे निघून आलेले, दोघांनाही का पटत नाही ते सांगते.

आम्ही औसा तालुक्यातले. भूकंप झाला तेव्हा मी पहिलीत होते. गाव एका पहाटेत गेलं. आधी पत्र्याचे शेड, मग सरळ रेषेत आखलेलं नवं गाव. त्या नव्या गावात मोठी माणसं जुन्या गावाचं नाव काढत नव्हती. आम्ही पोरं मात्र मुरमावर काडीनं जुन्या गल्ल्या आखायचो. इथं आड, इथं मारुतीचा पार, इथं आमचं दार. मग त्या रेघांमधून चालायचो. कुणी भिंतीवर पाय दिला की भांडण. एकदा शेजारच्या काकूंनी बघितलं आणि पदर तोंडाला लावून घरात गेल्या. त्यांच्या दोन मुली भूकंपात त्या जुन्या घराखालीच राहिल्या होत्या. अण्णांनी आमच्या रेघा पायानं पुसल्या. तेव्हापासून त्यांना खेळाचा राग. आज मला तो कळतो, पण म्हणून मी खेळ सोडला नाही.

दहावीनंतर लातूर. त्या वर्षांत अख्खा मराठवाडा पोरांना लातूरला आणून सोडत होता. गल्लीगल्लीत क्लास, घराघरात कॉट टाकून होस्टेल. आमच्या खोलीत तिघी. मी, उदगीरची शाहीन आणि हदगावकडची वंदना. क्लासमध्ये मार्कांवर बॅच ठरायची. मी पहिल्या बॅचला, शाहीन दुसऱ्या, वंदना शेवटच्या. शेवटच्या बॅचच्या मुलींशी सर नाव घेऊन बोलायचे नाहीत. "ए, तू मागची" म्हणायचे.

शाहीनच्या भावानं हैदराबादहून एका इंग्रजी खेळाच्या नियमांची झेरॉक्स आणली होती. खेळ असा: एकजण गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. पात्रानं काय करायचं ते आपण ठरवायचं, जमलं की नाही ते फासे ठरवणार. फासे नव्हते, म्हणून फिजिक्सचं गाइड डोळे मिटून उघडायचो आणि पानाच्या नंबरातला शेवटचा आकडा धरायचो. गाइडचा तेवढा उपयोग आमच्यासारखा कुणीच केला नसेल.

गोष्ट वंदना सांगायची. काय सांगायची ती! राक्षसिणीला दम्याचा त्रास, राजाला औशाच्या बाजारात बैल विकायची हौस, आणि प्रत्येक दाराआड काहीतरी जिवंत. चाचणीत माझे मार्क घसरले आणि मी ट्रंक भरायला काढली, तेव्हा ती म्हणाली, "जाय ना घरी, कोण अडवून राहिलंय? पण तुझी सरदारीण विहिरीत लटकून हाय. तिला वर काढ अन् मग जाय." खेळातली माझी सरदारीण वर यायला आठवडा लागला. तोवर माझं घरी जायचं राहून गेलं.

बारावीनंतर शाहीन डेंटिस्ट होऊन शारजाला गेली, मी नांदेडला इंजिनिअरिंग करून इकडं आले. वंदनाला मेडिकल मिळालं नाही. ती हदगावजवळच्या एका खेड्यात सून म्हणून गेली, आता तिथल्या शाळेत शिकवते, हंगामात सोयाबीनही बघते. बरीच वर्षं आमचं बोलणं वाढदिवसापुरतं उरलं. मग एकदा तिनंच फोनवर विचारलं, "सुनंदे, अजून खेळतीस का गं? माझ्या डोक्यात गोष्टी साचून राहिल्यात."

एवढंच पुरे होतं. मी शाहीनला फोन केला आणि डब्लिनमधल्या दोन खेळगड्यांना घेतलं, पुण्याचा निखिल आणि त्याची बायको सई. तीन देशांत बसून खेळायचं तर इंटरनेटवर एक पट हवा, नकाशा दाखवणारा, सोंगट्या हलवणारा, फासे टाकणारा. अशी सॉफ्टवेअरं पुष्कळ. निखिलनं निवडलेलं तर डोळे दिपवणारं होतं. मशाल हातात घेतली की नकाशावर उजेड पसरायचा, भिंतीआड सावली पडायची. आम्ही सगळ्यांनी ते उघडलं. वंदनाकडे एक जुना मोबाईल.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"पांढरं. अन् मधी एक गोल फिरून राहिलाय. हाच का तुमचा राक्षस?"

दुसरं तिच्या फोनवर उघडलं, पण त्यात मराठी लिहिलं की वेलांट्या एकीकडं आणि अक्षरं दुसरीकडं. तिसऱ्यात गोष्ट सांगणाऱ्याला कॉम्प्युटरच लागायचा. निखिल वैतागला. तसा तो वाईट माणूस नाही. पण म्हणाला, "एका फोनसाठी सगळ्यांनी मागं राहायचं का? गोष्ट तू चालव. वंदनाताई नुसत्या ऐकतील."

नुसत्या ऐकतील! शेवटच्या बॅचला बसवलेली माझी मैत्रीण माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. मी त्याला सांगितलं, "निखिल, तिच्या मोबाईलवर जे चालेल तेच सॉफ्टवेअर. गोष्ट वंदना सांगणार. तुला उजेड-सावली पाहिजे असेल तर दिवा लावून बस."

शाहीन शारजाहून म्हणाली, "बिलकुल. मंजूर."

शेवटी मी सगळ्यांत साधं निवडलं. एक चित्र, चार सोंगट्या, फासे, बस्स. बोलायला साधा ग्रुप कॉल. वंदनानं फक्त सांगायचं, पट मी हलवायचा. "डावीकडचं उघड" म्हणाली की मी नकाशावरचा काळा पडदा तेवढा बाजूला करायचा. चित्रं मी इतकी लहान केली की तिच्या फोनला ओझं होऊ नये.

नकाशे तयार मिळत होते, सगळे परक्या किल्ल्यांचे, बर्फाचे, पाइनच्या झाडांचे. मला ते नको होते. मी आमचं जुनं गाव काढायला घेतलं. ते आता कुठल्याच नकाशावर दिसत नाही, माझ्या पटावर दिसेल. अर्धं आठवलं, अर्धं नाही. काढलं तेवढं आईच्या मोबाईलवर पाठवलं आणि तिला फोन केला. ती सांगत होती, "आड पाराच्या अलीकडं गं, पलीकडं न्हाई." तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला.

"शाळा वेशीच्या आत दाखवलीस? बाहेर होती ती. कशाला पाहिजे हे?"

"खेळासाठी, अण्णा."

मला वाटलं आता फोन ठेवतील. पण ते म्हणाले, "मग नीट काढ. काकूंचं घर कोपऱ्यावर होतं. ते ठेव." दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिलनं आखलेल्या सगळ्या गल्ल्यांचा फोटो पाठवला. प्रत्येक घरावर नाव होतं.

पहिला डाव रविवारी बसला. माझ्याकडे सकाळ, हदगावकडं दुपार. घरात रेंज नाही म्हणून वंदना स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. खालून सासूबाई विचारत होत्या, "कोनाला वरडून राहिलीस गं?" ती म्हणाली, "राक्षसिणीला, आत्याबाई." आणि तिनं गोष्टीत कोपऱ्यावरच्या, काकूंच्या घराचं दार उघडलं. आत दोन मुली बसून जेवत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं...

आणि रेंज गेली.

निखिल म्हणाला, "तोवर आपण पुढं जाऊ या का?"

"नक्को," शाहीन म्हणाली. "थांबायचं."

आम्ही थांबलो. निखिलही थांबला, मग सईनं चहा केला. खूप वेळानं खरखर झाली. "मी हाय," वंदनाचा आवाज आला. "टाकीवर चढले. कुठवर आलतो?"

लोक विचारतात, परत घरी कधी येणार? जुनं घर जमिनीखाली आहे, नवं आईअण्णांचं आहे, डब्लिनच्या घराची चावी माझ्या खिशात आहे. तिन्ही माझीच. पण घर कशाला म्हणतेस असं विचाराल, तर मी या डावाकडं बोट दाखवेन. इथं एकाची रेंज गेली की बाकीचे पुढं जात नाहीत. ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल जावं.