सुशीलाबाईंचा निकाल

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सुशीलाबाई आळंदी रोडवरच्या त्या मोठ्या दुकानात जात. मंगळवार अशासाठी की शनिवार-रविवारी तिथे माणूस माणसाच्या ट्रॉलीखाली येतो. किराणा घ्यायला तर त्या जातच, पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. त्या दुकानाने गेल्या काही वर्षांत स्वतःच्याच नावाचा स्वस्त माल काढला होता. डाळी, रवा, बिस्किटं, केचप, लोणची, जे म्हणाल ते. सोसायटीतल्या बायका त्याला 'दुकानछाप' म्हणत. दुकानछापमध्ये नवीन काही आलं की सुशीलाबाई त्याचं सगळ्यात लहान पाकीट उचलत, घरी आणून तपासत आणि सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर बोलून निकाल पाठवत. टाइप करायचा त्यांना कंटाळा होता.

निकाल तीन प्रकारचे असत. 'घ्या', 'घेऊ नका' आणि 'पाहुण्यांना चालेल'. तूरडाळ त्या आधी कोरडीच चावून बघत, मग मूठभर भिजवून पाण्याचा रंग बघत. रवा कागदावर पसरून उन्हात धरत. हळद तळहातावर चोळत आणि हात धुतल्यावर काय उरतं ते बघत. केचपबद्दल त्यांनी सांगितलं होतं, "लाल भोपळ्याने टोमॅटोचं नाव लावलंय. पोरं खातील, त्यांना काय कळतंय." नाचणीच्या बिस्किटांबद्दल म्हणाल्या होत्या, "नाचणी पाकिटावर आहे, आत नाही." साठ फ्लॅटच्या सोसायटीत त्यानंतर ते बिस्किट कुणाच्या घरात दिसलं नाही.

बाई मूळच्या लातूरकडच्या. नवरा, उत्तरेश्वर, एका कारखान्यात फिटर म्हणून लागला तेव्हा विश्रांतवाडीत आल्या, त्याला पस्तीस वर्षं झाली. पुण्यात राहून बोलणं पुण्याचं झालं, जीभ मात्र तिकडचीच राहिली. शिक्षण सातवी. नोकरी कधी केली नाही. जमीन नाही, दागिना म्हणावा असा एक. पण चवीबद्दल बाई खोटं बोलत नाही एवढं नाव होतं, आणि ते त्यांनी कुणाच्या पुण्याईवर मिळवलेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची स्पृहा हीच त्या ग्रुपची चालक. तिने घरगुती चकल्या विकायला काढल्या तेव्हा पहिलं पाकीट मोठ्या प्रेमाने सुशीलाबाईंना आणून दिलं. बाईंनी एक चकली खाल्ली आणि तिच्या तोंडावर सांगितलं की तेल दुसऱ्यांदा तापवलेलं आहे. स्पृहा तीन महिने बोलली नाही. मग तेल बदललं आणि बोलायला लागली. आता तिच्या चकल्या खराडीच्या ऑफिसांपर्यंत जातात.

तर असं सगळं असताना बाई दमल्या होत्या. निकालांनी नव्हे, मसाल्याने.

दर वर्षी मार्चमध्ये सुशीलाबाई काळा मसाला करत. आपल्यापुरता केला असता तर दोन किलोत भागलं असतं. पण मांजरी गावात दिलेल्या लेकीचं, नम्रताचं घर होतं. तिच्या सासूला आवडला म्हणून तिचा वेगळा डबा होता. धाकट्या दिराचं घर होतं. मुलगा अभिनव खराडीत नोकरीला, त्याच्या डब्यातली आमटी चार मित्रांनी चाखली, त्यांच्या बरण्या वाढल्या. असं करत करत बारा किलो मिरची घरात यायला लागली. तिची देठं खुडायची, गच्चीवर वाळवायची, धने, खोबरं, तीळ, दगडफूल एकेक वेगळं भाजायचं, कांडपाच्या गिरणीत नंबर लावून समोर उभं राहायचं, आणि आल्यावर हातांची आग दोन दिवस सोसायची. लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

दोन वर्षांपासून त्यांचा उजवा खांदा धरला होता. हात कानाच्या वर जात नसे. अंबाडा घालायचा तर मान खाली वाकवून केसच हातापाशी आणावे लागत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. बाईंनी मागच्या वर्षी घरात विषय काढून पाहिला. अभिनव म्हणाला, मदतीला बाई लावू, पण भाजायचं तूच, त्या बाईला ते येणार नाही. नम्रता फोनवर म्हणाली, आई, तुझ्या मसाल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवत नाही गं. सून शेफाली बिचारी काही बोलली नाही, तिला तो अधिकार नव्हता. सगळे प्रेमाने बोलले. कुणी जबरदस्ती केली असती तर बाईंनी दोन शब्द सुनावून काम बंद केलं असतं. पण कौतुकाला नाही कसं म्हणायचं? हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खाली उतरायला शिडी कुणी देत नाही.

उत्तरेश्वर या चर्चेत नव्हतेच. ते कशातच नसत. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, त्यांनी कधी पानातल्या कशाला नाव ठेवलं नाही आणि कधी वाखाणलंही नाही. 'ठीक' हा त्यांचा सगळ्यात मोठा शब्द. बाईंनी ते कधीच मनातून सोडून दिलं होतं. माणूस बोलत नाही, पण आपला हात ओळखत असेल, एवढ्यावर त्यांनी भागवलं होतं.

यंदा फेब्रुवारीत दुकानछापमध्ये काळा मसाला आला. दोनशे ग्रॅम, सत्तर रुपये. ग्रुपवर एकच प्रश्न, सुशीलाबाई, निकाल? बाईंनी पाकीट आणलं, फोडलं, चिमूटभर जिभेवर ठेवला. वाईट नव्हता. धने जास्त होते, खोबरं जुनं होतं, दगडफूल नावापुरतं. पण सत्तर रुपयांत सत्तर रुपयांचा होता, फसवणूक नव्हती. 'रोजच्या भाजीला घ्या' असं त्या सांगणारच होत्या, तेवढ्यात अभिनवच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणाला, असं नाही आई, तुझा आणि त्यांचा, ब्लाइंड टेस्ट करू. रविवारी नम्रता येतेच आहे. होऊन जाऊ दे.

रविवारी शेफालीने एकाच कुकरमधली तूरडाळ दोन पातेल्यांत घेतली, मीठ, गूळ, चिंच मोजून सारखं घातलं आणि एका आमटीत सासूबाईंचा मसाला, दुसरीत दुकानाचा. वाट्यांना एक आणि दोन असे कागद चिकटवले. कुठला कोणता ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी स्पृहाकडे दिली. तिला खास पंच म्हणून बोलावलं होतं आणि ती चांगली साडी नेसून आली होती.

वाट्या समोर आल्या तेव्हाच बाईंना कळलं होतं. चाखायचीही गरज नव्हती. एक नंबरची वाफ त्यांच्या ओळखीची होती. दगडफूल त्या तुपावर भाजतात, ते आमटीत आधी कळत नाही आणि मग जात नाही.

अभिनवने आधी चाखलं. दोन नंबर आईचा, म्हणाला, प्रश्नच नाही. नम्रताने डोळे मिटून दोन्ही चाखल्या आणि तीही दोनच म्हणाली. वर हेही म्हणाली की आईच्या हातची चव झोपेत ओळखेन. पोरांचं बाईंना फार काही वाटलं नाही. पोरं तिखट लागलं की खूश होतात, आणि दुकानाच्या मसाल्यात तिखट पुढे होतं. एवढंच मनात आलं की याच दोघांसाठी मी बारा किलो मिरची खुडते.

मग वाट्या उत्तरेश्वरांपुढे गेल्या. त्यांनी एक चाखली. पाणी प्यायले. दोन चाखली. पुन्हा एक चाखली, जरा वेळ तोंडात धरली. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. पंचाहत्तरी जवळ आलेल्या नवऱ्याच्या तोंडून एक साधा आकडा ऐकायला आपण इतक्या अधीर होऊ, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"दोन," उत्तरेश्वर म्हणाले आणि रुमालाने मिशा पुसल्या.

बाईंना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. चव्वेचाळीस वर्षं दोन वेळा हिशोबाने वाढलं, आजारी असताना वाढलं, भांडण झालं तेव्हाही वाढलं, आणि या माणसाला माझा हात आणि दुकानाची पिशवी यातला फरक कळत नाही. मग मी करत काय होते? त्यांचा खांदा एकदम ठणकायला लागला.

आता त्यांची पाळी होती. स्पृहाने मोबाइल वर धरला. बाईंनी दोन्ही वाट्या चाखल्या, कारण चाखायला हव्या होत्या. एक म्हणावं, तर ते खरं होतं. चिठ्ठी उघडेल, पोरं पाच मिनिटं ओशाळतील, मग नम्रता गळ्यात पडेल आणि म्हणेल, म्हणूनच तूच हवीस आई. आणि मार्चमध्ये मिरचीचं पोतं दारात येईल. दोन म्हणावं, तर सुटका. पण मग चवीबद्दल खोटं बोलत नाही हे जे एकच नाव कमावलेलं होतं, ते याच क्षणी, स्वतःच्या हाताने द्यायचं. बाईंनी विचार करायचा प्रयत्न केला. पण विचार करायलाही माणूस थोडा ताजातवाना लागतो.

"दोन," त्या म्हणाल्या. "दोन माझा."

स्पृहाने चिठ्ठी उघडली आणि वाचलीच नाही. नुसती शेफालीकडे बघत राहिली. शेफालीने हळूच सांगितलं की दोन दुकानाचा आहे. अभिनव आधी हसला, मग कुणी हसत नाही हे बघून थांबला. नम्रता म्हणाली, "आई, तुलाही नाही कळलं?" बाई म्हणाल्या, नाही बाई, वय झालं. आणि पानं घ्यायला उठल्या.

स्पृहाने ग्रुपवर काही टाकलं नाही, तेवढी माणुसकी तिच्यात होती. पण संध्याकाळपर्यंत साठही फ्लॅटना कळलं. त्यानंतर निकाल कुणी मागितला नाही. दुकानछापचा नवीन शेंगदाणा आला, बायकांनी परस्पर आणला, खवट निघाला, गप्प बसल्या. एकीने ग्रुपवर कसल्याशा गोळ्या सुचवल्या, म्हाताऱ्या माणसांची गेलेली चव त्याने परत येते म्हणे. नाव लिहिलं नव्हतं, पण बाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

मार्च आला तसा गेला. मिरची आली नाही. गच्ची रिकामी होती. दुपारच्या वेळी बाई आडव्या पडायला लागल्या, सुरुवातीला झोप येत नसे, नंतर यायला लागली. एप्रिलच्या शेवटी हात कानापर्यंत जाऊ लागला. नम्रताने मांजरीहून फोन करून सांगितलं की इथल्यासारखा त्यांनीही दुकानाचाच मसाला चालू केलाय, कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. "उगाच इतकी वर्षं दमलीस गं आई," ती म्हणाली. बाई हो म्हणाल्या. त्या दुपारी मात्र झोप लागली नाही.

मे महिन्यात एक नवीनच कटकट सुरू झाली. उत्तरेश्वरांना आमटीवर लिंबू लागायला लागलं. रोज, दोन्ही वेळा. लिंबं दहा रुपयाला एक झालेली, त्यात यांना पित्ताचा त्रास. बाईंनी चार दिवस दिलं, आठ दिवस दिलं. एका दुपारी घरात दोघंच जेवायला बसले असताना त्यांचं डोकं फिरलं.

"हे लिंबाचं काय काढलंत? चव्वेचाळीस वर्षांत कधी मागितलं नाहीत."

"त्याशिवाय घशाखाली उतरत नाही," उत्तरेश्वर म्हणाले. "डाळ ठीक आहे. मसाला नाही."

बाईंचा घास हातात राहिला. "तुम्हाला मसाला कळतो?"

"न कळायला काय झालं?"

"मग त्या दिवशी दोन कसं म्हणालात?"

उत्तरेश्वरांनी भात कालवला, एक घास खाल्ला. घाई करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"एक म्हटलं असतं तर यंदा परत देठं खुडत बसली असतीस. अंबाडा घालताना बघतो की मी."

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. त्यांनी विचारलं की मग मी दोन म्हणाले, तेव्हा तुम्हाला काय वाटलं. उत्तरेश्वर म्हणाले की तुझी जीभ गेली असं सोसायटीला वाटेल, मला कसं वाटेल? बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. तीन महिने त्या या माणसावर मनातून रुसून होत्या, आणि हा माणूस तीन महिने नावडती आमटी मुकाट्याने गिळत होता.

"तुमच्यापुरता करते थोडा," त्या म्हणाल्या. "पाव किलो. कुणाला सांगायचं नाही."

"नको. या घरात पावाचे बारा व्हायला वेळ लागत नाही." त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं. "लिंबू बरं आहे."

बाईंनी त्यांच्या आमटीवर अर्धं लिंबू पिळलं. त्यांनाही ती आमटी फेब्रुवारीपासून एकही दिवस गोड लागली नव्हती, पण तसं म्हणायची सोय राहिली नव्हती. उरलेलं अर्धं त्यांनी उचललं आणि आपल्या वाटीवर पिळलं.