नवरीचा हॉवरबोर्ड

हवालदारांनी गोणपाटात गुंडाळलेली वस्तू माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, वाहन आणलंय तपासणीला."

मी आरटीओत मोटार वाहन निरीक्षक आहे. अपघातातली गाडी पोलीस आमच्याकडे तपासायला देतात. ब्रेक लागत होते का, स्टिअरिंग ठीक होतं का, थोडक्यात दोष गाडीचा होता की नाही, हे आम्ही लिहून द्यायचं. ट्रक, रिक्षा, ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली, सगळं तपासून झालंय. गोणपाटातून काखेत मारून आणलेलं वाहन मात्र पहिल्यांदाच बघत होते.

गोणपाट सोडलं तर आत हॉवरबोर्ड. दोन बाजूंना दोन चाकं आणि मध्ये पाय ठेवायला दोन पाट्या. हँडल नाही, ब्रेक नाही. पुढे झुकलं की पुढे जातो, मागे झुकलं की थांबतो किंवा उलटा जातो. पाटीखाली सेन्सर असतो, त्याला फक्त पायाचा दाब कळतो.

आमच्या साहेबांनी केबिनच्या दारातूनच पाहिलं. "हे आपलं नाही. परत पाठवा."

साहेबांचं आणि माझं सहसा पटत नाही, पण या वेळी त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रस्त्यावर चालवायचं यंत्र म्हटलं की त्याला सरकारी मान्यता लागते, मग नोंदणी, मग नंबर. हॉवरबोर्डला ती मान्यता नाही, म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणून रस्त्यावर आणता येत नाही. इथवर सरळ आहे. पण हा रस्त्यावर नव्हताच. नाशिकमधल्या एका लॉन्सवर, लग्नात, नवरीच्या पायाखाली होता. तिथे कुठला नियम लावायचा, हे मलाही सांगता येईना.

मी "लागू नाही" असं लिहून परत देणार, तेवढ्यात बाहेरच्या बाकावरचे एक गृहस्थ उठून आत आले. पन्नाशीचे, पांढरा सदरा, दाढी वाढलेली.

"मॅडम, परत नका पाठवू. मी पोरीचा मामा. नामपूरला ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान हाय माझं. मशीनमधलं मला कळतं. याच्यात फॉल्ट हाय. तुम्ही खोलून बघा, सापडंलच."

पोरीचं नाव प्राजक्ता. स्टेजच्या पायरीशी पडली, डोक्याला मार लागला, आणि दवाखान्यात शुद्धीवर न येताच गेली. खराब मशीन दिलं म्हणून इव्हेंटवाल्याविरुद्ध तक्रार मामांनीच केली होती. मशीनचा दोष निघाला तर त्या माणसाला अटक होणार होती. मी साहेबांना म्हटलं, "सर, वाहन म्हणून नको, पोलिसांना मदत म्हणून बघते." साहेबांनी हात झटकले. आमच्याकडे त्याला परवानगी म्हणतात.

इव्हेंटवाला योगेश दुपारी आला. अंगठ्या भरपूर, चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, हे खेळणं आहे. याला ना पासिंग लागतं, ना लायसन्स."

"खेळणं आहे, तर त्यावर नवरीला का उभं केलंस?"

"सगळीकडे चालतं, मॅडम. एन्ट्री म्हणतात त्याला. धूर सोडायचा, गाणं लावायचं, नवरी तरंगत आल्यासारखी दिसते. ताईंची प्रॅक्टिस घेतली होती मी, पार्किंगमध्ये. छान जमत होतं."

"हे ज्या खोक्यात येतं त्यावर हेल्मेट घाला असं लिहिलेलं असतं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मुंडावळ्यांवर हेल्मेट कोण घालेल, मॅडम?"

मला त्याचा राग आला.

मशीन मी अन् आमच्या मेकॅनिकने मिळून तपासलं. बॅटरी व्यवस्थित, चाकं मोकळी, दोन्ही सेन्सर चालू. शेवटी आवारात ट्रॅकवर नेऊन मी स्वतः त्यावर उभी राहिले. साहेब खिडकीतून बघत होते, बघू देत. आधी पाय लटपटले, मग जमलं. हळूहळू पुढे गेले, थांबले, वळलेसुद्धा. मशीनला काहीही झालेलं नव्हतं.

आमचा शिपाई काशिनाथ बाजूने चालत होता. मी पडेन म्हणून त्याने बिचाऱ्याने माझं कोपर धरलं. त्याने धरलं मात्र, बोर्ड सटकन पुढे पळाला. हाताला पुढे ओढ बसली, माझा भार चवड्यांवर गेला, आणि सेन्सरला वाटलं बाईंना जोरात जायचंय. मी घाबरून मागे झुकले तर बोर्ड पायाखालून निसटायला लागला. काशिनाथ धडधाकट, त्याने मला उचलूनच खाली घेतलं म्हणून वाचले.

त्यानंतर मी लग्नाचा व्हिडिओ मागवला. खरं तर बघायची इच्छा नव्हती.

प्राजक्ता धुरातून येते. शालू घोट्याच्या वर खोचलेला, चेहऱ्यावर हसू, दोन्ही हातांत हार. एकटी, अगदी सरळ येत होती. स्टेज जवळ आलं तेव्हा बायकांचा गलका ऐकू येतो. "अरे, मामा कुठंय? पोरगी एकटीच यायलीय! मामा, धरा ना तिला!" मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं ही आपली रीत. मामा गर्दीतून धावत आले, फेटा सावरत, आणि त्यांनी भाचीचं कोपर धरलं. पुढचं मला सांगायची गरज नाही. मी संगणक बंद केला आणि बाहेर जाऊन चूळ भरली.

दुसऱ्या दिवशी मामा आले. मी "मशीन ठीक आहे" एवढंच म्हणाले. मला तेवढ्यावर सुटायचं होतं.

"मग पडली कशानं?"

"तोल गेला."

"मॅडम, मी दुकानदार माणूस. उधारीवालं गिऱ्हाईक फिरवतं तसं मला नका फिरवू. चालवून दाखवा."

मी टाळत होते आणि त्यांना ते कळत होतं. ट्रॅकवर गेलो. त्यांनी चपला काढल्या आणि स्वतःच बोर्डवर चढले. मशीनची सवय असलेला माणूस, लवकर जमलं. मग मला म्हणाले, "आता तुम्ही माझा हात धरा. मी धरला होता तसा."

मी काशिनाथला दुसऱ्या बाजूला उभं केलं आणि कोपर धरलं, अगदी हलकं. बोर्डने उसळी घेतली. काशिनाथने त्यांना कवेत घेतलं. मामा खाली उतरले, आणि बोर्डकडे बघत उभे राहिले. आतापर्यंत माझ्याशी जपून जपून मराठी बोलत होते, आता आपल्या बोलीवर आले.

"मनामुळे पडनी का पोर?" माझ्यामुळे पडली का, असं विचारत होते.

तिथे खोटं बोलावं असं मला फार वाटलं. मी म्हणाले, "मामा, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याने मशीन दिलं त्याने सांगायला हवं होतं, की हिला मध्येच कुणी धरायचं नाही."

"पन मी धरी," ते म्हणाले. तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. मी शेजारी बसले. आरटीओच्या ट्रॅकवर त्या वेळी लायसन्सची परीक्षा द्यायला आलेली मुलं रांगेत उभी होती, त्यांनी तोंडं फिरवली.

जाताना त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "खरं हाय ते लिहा. त्या माणसाला माझ्यापायी जेल नको. फक्त माझ्या बहिणीला मी सांगीन. दुसऱ्या कुणी नाही."

मी लिहिलं, यांत्रिक दोष आढळला नाही. बाहेरून हाताला आधार दिल्याने तोल जाऊन अपघात झाला. हेल्मेट नव्हतं, बाजूने कुणी धरू नये अशी सूचना दिलेली नव्हती. योगेशवर हलगर्जीपणाचं कलम लागलं, खराब मशीनचं नाही. मामांनी बहिणीला सांगितल्याचं हवालदारांकडून कळलं. त्यानंतर भाऊबीजेला त्यांना त्या घरी बोलावणं आलं नाही, हेही हवालदारांनीच सांगितलं.

नियम अजून तिथेच आहे. लॉन्सवर नवऱ्या अजून तरंगत येतात, आणि त्याला माझी सही लागत नाही. लोक विचारतात, मॅडम, हॉवरबोर्ड चालवणं कायदेशीर आहे का? मी सांगते, रस्त्यावर नाही. मांडवाबद्दल कायदा काही म्हणत नाही, म्हणून माझं ऐका. ज्यावर उभ्या असलेल्या मुलीला तिच्या मामाने हात लावायचा नाही, ते यंत्र लग्नात आणू नका.