दहापैकी पाच

देवाने माणसाला दोन कान दिले ते एकाने ट्यूब अ‍ॅम्पचा आणि दुसऱ्याने मॉडेलरचा आवाज ऐकून तुलना करता यावी म्हणून, असं प्रामाणिकपणे मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणतो. वय बावन्न, लग्न केलं नाही, नोकरी खराडीत सॉफ्टवेअरची, मुक्काम बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर आईसोबत. इतरांच्या दिवाणखान्यात जिथे शोकेस असतं तिथे यांचा छातीएवढ्या उंचीचा, काचेच्या नळ्यांवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प होता. त्यातून गिटार अशी गुरगुरत, फाटत बाहेर यायची की स्वयंपाकघरातली ताटं साथ धरायची. शेजारीच मॉडेलर, म्हणजे असल्या पन्नास अ‍ॅम्पची हुबेहूब नक्कल करणारा पुस्तकाएवढा डबा. ‘हुबेहूब’ हा शब्द दादांसमोर काढायची मात्र सोय नव्हती. “नक्कल आवाजाची होते हो, जावईबुवा, अंगाची नाही. तार छेडली की अ‍ॅम्प आपल्याला उलट ढकलतो. हा डबा नुसता ‘हो साहेब’ म्हणतो.”

घरी येणारा प्रत्येक माणूस परीक्षेला बसायचा, तीही चहाच्या आधी. पडद्याआडून दोन आवाज ऐकवायचे आणि विचारायचं, “अ की ब?” दादांसाठी स्थळ घेऊन आलेले एक गृहस्थ “दोन्ही सारखेच की” म्हणाले आणि ते स्थळ तिथेच बारगळलं. आईंचं उत्तर कायम “ब”. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, “ब झाला की संपतं ना.” खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई जिन्यात भेटल्या की शांतपणे चौकशी करत, “अहो, फरशी बदलायचं काम अजून चालूच आहे का?” दादाही तितक्याच शांतपणे सांगत, “हो. पॉलिश राहिलंय.”

स्वतः परीक्षेला बसायचे तेव्हा पडद्यामागे मी. मी स्विच फिरवायचा, कागदावर लिहून ठेवायचं. त्यांनी डोळे मिटून वाजवायचं आणि ओळखायचं. दहापैकी दहा. दर वेळी. “कानांचं काय घेऊन बसलात, हे बोटांना कळतं,” असं म्हणून मग ते माझ्याकडे इतक्या दयेने बघत की मलाच नापास झाल्यासारखं वाटे.

गेल्या वर्षी एका सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्यांच्या हेडफोनची डावी बाजू बंद पडली. त्यांनी वायर हलवून पाहिली, शेजाऱ्याचा हेडफोन लावला. त्याचीही डावी बाजू बंद. तिसरा लावला तेव्हा त्यांना कळलं. कानात इंजेक्शनं झाली, तपासण्या झाल्या. तो कान परत आला नाही. चार महिन्यांनी उजवाही मंदावू लागला. डॉक्टरांना नेमकं कारण सांगता येईना. “अ‍ॅम्पमुळे असेल किंवा नसेलही. जे उरलंय ते जपा,” एवढंच ते म्हणाले. आई माझ्या बायकोला म्हणाल्या, “मी गंमत करत बसले गं. बंद कर, म्हणायला हवं होतं.”

एका रविवारी दादांनी मला बोलावलं. आवाज अगदी बारीक ठेवून पुन्हा परीक्षा घ्यायची होती. मी पडद्यामागे बसलो. पूर्वी पहिल्याच फटक्याला उत्तर यायचं. आता ते तेच तेच वाजवत राहिले, थांबले, पुन्हा वाजवलं, मग चाचरत म्हणाले, “अ... बहुतेक.” दहा वेळा झालं. एक-दोन उत्तरं बदलून लिहावीत असं माझ्या मनात आलं, पण तोवर त्यांनी पडदा सारून हात पुढे केला होता. कागद वाचला. दहापैकी पाच.

“नाणं उडवलं असतं तरी एवढे मिळाले असते,” ते म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी अ‍ॅम्प बंद केला, नळ्या निवेपर्यंत तसेच उकिडवे बसून राहिले. उठताना हसले. “चला, पंधरा वर्षांचा वाद मिटला, जावईबुवा. दोन्हीत काहीही फरक नाही.” त्या हसण्याकडे मला बघवेना.

महिन्याभरात अ‍ॅम्प त्यांच्या कॉलेजच्या बँडमधल्या मित्राकडे गेला. चार जणांनी तो जिन्यावरून उतरवला. खालच्या बाई दार उघडून उभ्या होत्या. त्यांनी चपलांचा स्टँड आत ओढून वाट करून दिली.

परवा गेलो तेव्हा दादा खिडकीशी बसले होते. गिटारला वायर नव्हती. गिटारच्या वरच्या, शिंगासारख्या पुढे आलेल्या टोकावर त्यांनी हनुवटी घट्ट टेकवली होती. लाकडातून, हाडातून थोडं पोचतं म्हणे. मी समोर बसलो आणि आईंच्या तब्येतीचं विचारणार तेवढ्यात त्यांनी एकच सूर छेडला, बोट दाबून तो हलवत ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट वर करून मला गप्प बसायची खूण केली. मला तारेची बारीकशी कुरकुर ऐकू आली आणि लगेच विरली. ते मात्र डोळे मिटून ऐकतच होते. त्यांचं बोट खाली येईपर्यंत मी थांबलो.