मागे येणारा टोपीवाला

कुलपं दुरुस्त करण्यात केस पिकलेल्या माणसाचा कशावरच विश्वास बसत नाही. बंद दार दिसलं की ते कसं फोडता येईल, हेच त्याला आधी दिसतं. म्हणून लेकीच्या, विशेष मुलांच्या शाळेतल्या बाई गोड बोलू लागल्या, तेव्हाच कुलूपवाल्यानं कान टवकारले.

"बबडीची शाळा यंदा संपते. हॉटेलच्या धुलाईघरात टॉवेलच्या घड्या घालायचं काम तिला जमतंय. बसनं एकटीनं जायलाही शिकवलंय. पण जागा एकच आहे. सोमवारी सांगाल?"

"अंग काढून घेतायत," घरी तो बायकोला म्हणाला. "उद्या पोरीला गाढवासारखं राबवतील."

"तुम्हाला दूधवाल्याच्या हसण्यातही काळंबेरं दिसतं. जाऊन बघा की एकदा!"

दुसऱ्या दिवशी बबडी धुलाईघरात काम शिकायला निघाली, तसा तो मागोमाग गेला. बबडीनं ओळखू नये म्हणून मेव्हण्याचा लांब कोट चढवला, टोपी भुवयांपर्यंत ओढली. बसमध्ये मागे बसून तो एकेकाला जोखत राहिला. तिच्या शेजारचा छत्रीवाला जरा जास्तच सरकून बसलाय का? कंडक्टर तिच्याकडे बघून का हसला? तिचा थांबा चुकावा, असंही त्याला क्षणभर वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

थांबा चुकला नाही. ती उतरून चालू लागली. मध्येच थांबली, तसा तो चपलांच्या दुकानाच्या काचेत डोकावला. ती पुन्हा थांबली. मग सरळ औषधाच्या दुकानात शिरली.

दुकानदारीण तरातरा बाहेर आली. "ओ टोपीवाले! पोरीच्या मागे का लागलाय?"

"अहो, बाप आहे मी तिचा!"

"पकडल्यावर सगळे बापच असतात."

चार माणसं थबकली. त्यानं टोपी काढली. "बबडे, सांग की यांना!"

"बाबाच आहेत," बबडी दुकानाच्या दारातून शांतपणे म्हणाली. "बसमध्येच ओळखलं मी."

"मग आत कशाला आलीस गं?" दुकानदारीण चक्रावली.

"कुणी मागे येत असेल तर दुकानात जाऊन सांगायचं. बाईंनी शिकवलंय. बाबा मागे येत होते." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मला उशीर होतोय. येऊ नका आता."

ती कोपऱ्यावर वळली. त्यानं मान लांबवली, पण पाय उचलला नाही.

सोमवारी तो बाईंना म्हणाला, "जाऊ दे तिला. पण त्या धुलाईघराच्या मागच्या दाराचं कुलूप मला बघायचंय. एकदा येईन." मग पुटपुटला, "समोरून येईन."