तीन हाळ्या

येसू गेल्याची तार महाडला माझ्या शाळेत आली. त्याच्या वाडीत टपाल पोचत नाही, म्हणून आईचा पत्ता लिहून देताना त्याने मुंबईत माझेच नाव दिले होते. विषमज्वर, नऊ दिवस, आणि कारभार आटोपला. मी वर्ग तसाच सोडला, पोलादपूरची मोटार गाठली आणि तिथून पायी डोंगर चढून त्यांच्या वाडीवर गेलो. येसूची आई ओट्यावर नाचणी पाखडत होती. मी तिला लहानपणापासून मावशी म्हणतो. माझ्या तोंडाकडे पाहून तिने सूप खाली ठेवले. मी कसेबसे सांगितले. ती रडली नाही. सुपातला कोंडा बोटाने एका बाजूला सारत ती म्हणाली, "तो तवाच गेला, माधवा. मार्गसरात. मी त्या दिशीच पाणी सोडलं त्याच्यावर."

एकुलता एक मुलगा, वय अवघे चोवीस, आणि आईच्या डोळ्यांत टिपूस नाही... वाडीतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. ती असे का म्हणाली, हे तिथे जमलेल्या माणसांत फक्त मला ठाऊक होते, आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. आज दीड महिना झाला. हा लेख येसूच्या आठवणीसाठी लिहितो आहे हे खरे, पण त्यात माझी एक चूक कबूल करायची आहे, हेही तितकेच खरे.

यशवंत सकपाळ हे त्याचे हजेरीपटावरचे नाव. महाडच्या शाळेत तो इंग्रजी पहिलीत माझ्या वर्गात आला तेव्हा बाजारामागे मामाकडे राहायचा. वडील मुंबईच्या गिरणीत होते, ते तो तिसरीत असतानाच वारले. अभ्यासात बेताचा, पण कान असे की आम्ही थक्क व्हायचो. जिन्यावर पाऊल वाजले की कोणते मास्तर येत आहेत, ते सांगायचा, आणि कोणत्या मास्तरांचे आज घरी बिनसले आहे, तेही. एकदा मधल्या सुट्टीत चावदार तळ्याच्या बाजूला उभा असताना म्हणाला, "दासगावला बोट लागली." दासगाव तिथून अडीच कोस. मी त्याला वेड्यात काढले. तो हट्टाला पेटला, मग रविवारी आम्ही दोघे दासगावपर्यंत चालत गेलो आणि धक्क्यावरच्या माणसाला विचारले. बोट त्या दिवशी त्याच सुमारास आली होती. मी म्हटले, वेळापत्रक पाठ असेल तुझे. धक्क्यावरचा माणूस हसला. भरतीवर चालणाऱ्या बोटीला कसले आले वेळापत्रक! वारा खाडीकडून असला की भोंगा ऐकू येतो, एवढेच येसूचे म्हणणे होते. परत येताना मी पाय दुखतात म्हणून वाटभर कुरकुरत होतो.

हे कान त्याला वाडीने दिले होते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला वाड्या डोंगराच्या सोंडांवर बसलेल्या. या सोंडेवरून त्या सोंडेवर जायचे तर खाली ओढ्यापर्यंत उतरून पुन्हा चढायचे, अर्धा दिवस मोडतो. म्हणून माणसे हाळी देतात. बैल सापडला, पाहुणे आले, कुणाला दुखतेखुपते, सगळे हाळीवर. आणि हाळीचा एक कायदा आहे. ऐकू आली की ओ द्यायची, मग तोंडात घास असो नाहीतर डोक्यावर भारा असो. तीनदा हाळी देऊन ओ आली नाही, तर समजायचे की माणूस तिथे नाही. तिथे असून ओ दिली नाही, तर समजायचे की त्याने नाते तोडले. भाऊबंदकीच्या भांडणांत माणसे असे करतात, आणि मग दोन पिढ्या बोलत नाहीत.

मॅट्रिक झाल्यावर मामाने त्याला मुंबईला एका पेढीवर चिकटवले. तिथे त्याने बोलपट पाहिला, आणि पेढी सुटली. पडद्यावरची नटी बोलते याचे लोकांना कौतुक, आणि हा मला पत्रात लिहितो, "तिच्या बांगड्या वाजत होत्या रे, त्या कुणी ऐकल्याच नाहीत." एका चित्रपट कंपनीत ध्वनिमुद्रणाच्या खात्यात तो उमेदवार म्हणून लागला. त्याचे गुरू एक वयस्क पारशी गृहस्थ. पहिले सहा महिने त्यांनी यंत्राला हात लावू दिला नाही. रोज सकाळी स्टुडिओत डोळे मिटून बसायचे आणि जे जे ऐकू येईल ते वहीत लिहायचे. पंखा, चिमण्या, रस्त्यावरची ट्राम, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर. भिंतींना गोणपाट आणि जुन्या गोधड्या कुठे लावायच्या, नाटकातून आलेल्या नटाला "हळू बोला" हे त्याचा अपमान न करता कसे सांगायचे, सगळे तो शिकला. दोन वर्षांत त्याची पत्रे मोठी होत गेली. मी ती मावशीला वाचून दाखवायचो.

"म्हंजे करतो काय त्यो?" तिने विचारले.

"लोकांचे आवाज धरून ठेवतो, मावशी."

"धरून?"

"मग ते दुसऱ्या गावच्या लोकांना ऐकवतात."

"त्यात काय येवढं? मी हाळी घातली की दुसऱ्या गावालाच जाते!" आणि ती खदखदून हसली. तिचा आवाज खरोखरच तसा होता. तीन सोंडांपलीकडच्या लोकांना ओळखू यायचा.

गेल्या मार्गशीर्षात कंपनीला डोंगरातला एक प्रवेश घ्यायचा होता आणि जागा येसूने सुचवली, त्याच्याच वाडीखालचा ओढा. महाबळेश्वराच्या घाटाने कंपनीचा ट्रक आणि दोन मोटारी पोलादपुरास उतरल्या. येसू दीड वर्षाने आला होता, पण वर घरी जायला सवड नव्हती. त्यातच घाट उतरताना सर्दीने त्याच्या गुरूंचे कान गच्च बसले, आणि त्यांनी यंत्रावर येसूला बसवले. आयुष्यात पहिल्यांदा. ते सगळे पाहायला मीही महाडहून पोलादपूरला गेलो होतो. आदल्या संध्याकाळीच त्याने मला बजावले होते, "माधव, सकाळी वर जाऊन आईला सांग. तांबडं निशाण वर असेस्तवर मला तोंड उघडता येणार नाय. ती हाळी घालंल. तिला म्हणावं, निशाण उतरलं की मीच घालतो."

मी गेलो. मावशी घरी नव्हती, लाकडाला गेली होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "बसा वाईच, येईल येवढ्यात." मी बसलो नाही. खरे सांगायचे तर मला नटी पाहायची होती. महाडसारख्या गावी राहणाऱ्या मास्तराला अशी संधी पुन्हा कधी येणार? म्हातारीजवळ निरोप ठेवला आणि धावत खाली आलो. म्हातारी बहिरी होती, हे मला माहीत होते. ओढ्यावर येसूने विचारले, "सांगितलंस ना?" मी मान हलवली.

निशाण वर गेले, म्हणजे ध्वनिमुद्रण सुरू झाले. नटी घागर घेऊन पाण्यात उभी राहिली आणि तिचे लांबलचक भाषण सुरू झाले. ट्रकची ओढ्याकडची बाजू उघडी होती, आत कानांवर दोन काळ्या चकत्या लावून येसू बसला होता. आणि वर सोंडेवर, कारवीच्या झुडपांपाशी, डोक्यावरचा भारा खाली टाकून मावशी उभी राहिलेली मी पाहिली.

"येसूऽऽऽ..."

आम्हाला ती लांबून ऐकू आली. पण त्याच्या कानांत ती जशी काही शेजारी उभी राहून बोलत असेल. त्याने वर पाहिले, त्याचा हात उचलला गेला आणि अर्ध्यावरून यंत्राच्या चावीवर परत आला. दिग्दर्शकाने कपाळाला आठी घातली, पण नटी थांबली नाही म्हणून त्यानेही थांबवले नाही. दुसरी हाळी आली. तिने त्याला पाहिले होते, त्याने वर पाहिले आहे हेही पाहिले होते. तिसरी हाळी जरा आखूड होती. मग तिने भारा उचलला आणि ती झुडपांमागे दिसेनाशी झाली.

निशाण उतरताच येसूने स्वतःच सांगितले, "मागे आवाज आलाय, पुन्हा घ्यावं लागेल." म्हणजे ते सगळे गप्प राहणे फुकटच गेले. तो ट्रकमधून उतरून धावत मोकळ्यावर गेला आणि त्याने हाळी घातली, दोनदा, तीनदा. वरून ओ आली नाही. परत आला तेव्हा माझी थाप त्याला कळलेली होती; माझ्यावरून पुढे जाऊन त्याने चकत्या पुन्हा कानांवर चढवल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

दुपारी ऊन डोंगराआड जायच्या आत ट्रक घाट चढायला निघाला, रजा मिळाली नाही. "जाऊन सांग तिला," एवढेच तो म्हणाला. माझी महाडची मोटार सुटत होती. म्हटले, रविवारी जाईन. रविवार आला नि गेला. त्याच्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न, आईला सांगितलंस का? मी लिहिले, शिमग्याला येतोच आहेस, तुझ्या तोंडून ऐकलेले तिला बरे वाटेल. वाक्य छान होते. आपली चूक आपल्याच तोंडाने सांगण्याची लाज वाटत होती, हे त्यात लिहिले नव्हते... शिमग्याच्या आठ दिवस आधी तार आली.

तारेनंतर आठवड्याभराने त्याच्या गुरूंनी दासगावच्या बोटीने त्याची ट्रंक पाठवली. कपडे, वह्या, आणि एका पत्र्याच्या डबीत फिल्मची लहानशी गुंडाळी. बाद झालेला तुकडा होता तो. गुंडाळलेल्या कागदावर येसूचे अक्षर होते: "पहिली हाळी. दुसरी. तिसरी. आवाज स्वच्छ. ओ द्यायची राहिली."

ती डबी घेऊन मी वर गेलो आणि मावशीला सगळे सांगितले. म्हातारीचे, नटीचे, रविवारचे, पत्रांचे. मध्ये काही गाळले नाही. मग गुंडाळी उन्हात उलगडून धरली. काठाने नटीच्या बोलण्याच्या बारीक रेघांत तीन दाट काळे पुंजके दिसत होते. "हा तुझा आवाज, मावशी. ही पहिली हाळी, ही दुसरी, ही तिसरी."

तिने बोट तिसऱ्या पुंजक्याच्या पुढे नेले. तिथे नटीचे भाषण संपले होते, ओढ्याच्या पाण्याच्या नुसत्या फिकट रेघा होत्या.

"म्हंजे आयकलंन त्यानं."

"पहिल्यापासून ऐकलं."

"आन मी घरला येऊन कानांत बोळे घातले... तो परत हाळी घालतोय हे ठावं असून." एवढे बोलून तिने पदर तोंडात कोंबला आणि पोराच्या मरणानंतर पहिल्यांदा रडली. मी तिला धरू शकलो नाही, तो हक्क मला नव्हता. पुष्कळ वेळाने तिने डोळे पुसले, आत गेली, माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन आली. ते माझ्यापुढे ठेवताना, रागावून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"वाईच थांबला असतास रे."

हल्ली मी दर रविवारी वर जातो. पुष्कळदा ती घरी नसते, रानात किंवा ओढ्यावर असते. शेजारची म्हातारी विचारते, काही निरोप हाय का? मी हाताने नाही म्हणून खुणावतो आणि ओट्यावर बसतो. खालून मोटारीचा भोंगा वाजतो, माझी परतीची मोटार निघून जाते. मी बसून राहतो, मावशी येईपर्यंत.