पाऱ्याची खोली

पारनेरच्या पेठेत फक्रुद्दीनचाचांचं भांड्यांना कल्हई करण्याचं दुकान होतं. त्यांचा मुलगा अजीज आणि मी शाळेपासून बरोबरचे. त्रेचाळीस साली तो पुण्यात बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाला आणि एम.एस्सी.ला तिथेच राहिला. मीही वकिलीच्या वर्गात नाव घातलं होतं. नाना पेठेत एक खोली घेऊन आम्ही दोघं राहायचो.

अजीजचा विषय इनऑर्गॅनिक केमिस्ट्री. नुसत्या परीक्षेवर ही पदवी मिळायची नाही, स्वतः प्रयोग करून प्रबंध लिहावा लागायचा. लढाईमुळे जर्मनीहून येणारी रसायनं बंद झाली होती. कॉलेजात भरपूर उरला होता तो पारा. म्हणून सरांनी त्याला पाऱ्याचाच विषय दिला. पाऱ्याच्या क्षारात अमोनिया घातला की पांढरा साका खाली बसतो. तो साका नेमका कशाचा, यावर पुस्तकांत एकमत नव्हतं. अशी वेगवेगळी संयुगं बनवून, तोलून अजीजनं ते ठरवायचं होतं.

"इतकी माणसं पाहून गेली, तरी कुणाला नक्की सांगता आलं नाही," तो मला म्हणाला. "मला सांगता येईल असं वाटतं, गहिनी."

प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला एक लहान खोली त्याला मिळाली. तिथला तराजू काचेच्या पेटीत असायचा. वाऱ्याच्या झुळकीनंही काटा हलतो म्हणून खिडक्या कायम बंद. पारा उकळून शुद्ध करायचा तोही तिथेच. मी एकदा गेलो तेव्हा शहाबादी फरशीच्या सांध्यांत चमकणारे बारीक थेंब दिसले. मी विचारलं तर तो म्हणाला, "सांडतो थोडा. वर्षानुवर्षं सांडतच आलाय."

पहिलं वर्ष बरं गेलं. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आम्ही खाणावळीच्या जेवणाला दोष दिला आणि खाणावळ बदलली. मग त्याची झोप गेली. वर्गात सगळ्यांत आधी उत्तर देणारा हा मुलगा, सरांनी चार जणांसमोर काही विचारलं की मान खाली घालून गप्प बसायचा. घरी मात्र क्षुल्लक गोष्टीवरून माझ्या अंगावर यायचा. एकदा कंदिलाची काच मी पुसली नाही म्हणून त्यानं ती भिंतीवर फेकली आणि लगेच खाली बसून तुकडे वेचायला लागला. तेव्हा मला त्याची बोटं थरथरताना पहिल्यांदा दिसली.

ईदला तो पारनेरला आला. त्याच्या आईनं, हाजराचाचींनी, शीरखुर्म्याची वाटी हातात दिली आणि ती धरताना निम्मी त्याच्या नव्या सदऱ्यावर सांडली. त्या दुसरी वाटी आणून त्याच्याजवळ बसल्या आणि एवढ्या वाढलेल्या मुलाला चमच्यानं भरवू लागल्या. अजीजनं तोंड फिरवलं.

चाचा मला बाहेर घेऊन गेले. "गहिनी, तू संगं ऱ्हातोस. खरं सांग, पोरगं काय पितंय का?"

"नाही चाचा. कधीच नाही."

"मग हात कशानं कापत्यात त्याचे?"

 पुण्याच्या डॉक्टरांनी अभ्यासाचा ताण म्हणून टॉनिक दिलं होतं. चाचींनी दर्ग्यावर नवस बोलला. शेवटी मी त्याला नगरला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिरड्या पाहिल्या, हात पुढे धरायला लावले, कागदावर त्याच्याकडून नाव लिहून घेतलं. अक्षरं सगळी वेडीवाकडी आली.

"काम कशाचं करता?" त्यांनी विचारलं.

"पाऱ्याचं."

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "पारा नुसता हुंगला तरी अंगात जातो. तुम्ही केमिस्ट्रीवाले, तुम्हाला हे ठाऊक नाही?"

"पाऱ्याचे क्षार विषारी, हे ठाऊक आहे," अजीज हळूच म्हणाला. "नुसत्या पाऱ्याची वाफ… इतकी थोडी असते ती."

"औषध माझ्यापाशी नाही. ती जागा सोडा. उतरलं तर सावकाश उतरेल. सगळं उतरेलच असं सांगत नाही."

परतीच्या वाटेवर तो फक्त एवढंच बोलला, "दोनच संयुगं राहिलीत रे."

पुण्यात आल्यावर तो सरांकडे गेला. सर माणूस चांगला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला. दुसरी खोली मात्र नव्हती, तराजूही तो एकच. "मी वीस वर्षं त्याच खोलीत काम केलं," ते म्हणाले. "मला काही झालं का?" हे सांगताना त्यांनी कप उचलला आणि तो बशीवर खडखडला. सरांनी तो खाली ठेवला आणि दोन्ही हात मेजाखाली घेतले. हे मला अजीजनं सांगितलं तेव्हा तो रडत होता. "त्यांना कळलं रे," तो म्हणाला, "पण ते कबूल कसं करतील?"

घरी परत जावं, असं मी त्याला रोज सांगत होतो. तो म्हणायचा, एवढं संपवतो. चिमट्यानं वजनं ठेवणं त्याला जमत नव्हतं म्हणून मी वकिलीचे वर्ग बुडवून ती ठेवायला जायचो. तो मागे उभा राहून सांगायचा आणि मी करायचो. तरी आकडे जुळत नव्हते, कारण तराजूच्या आधीचं सगळं त्याच्याच हातांनी व्हायचं. गाळणं, धुणं, वाळवणं. प्रत्येक वेळी थोडं सांडायचं आणि ते किती सांडलं, हे त्यालाही सांगता यायचं नाही.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात एकदा शेवटच्या संयुगाची वाळवलेली पूड मुशीतून तो तराजूकडे आणत होता. तीन-चार पावलांचं अंतर. हात उडाला आणि मूस निसटली. ती फुटली नाही. पण पांढरी पूड फरशीवर सांडली, पाऱ्याचे थेंब होते त्या सांध्यांतच. तीन महिन्यांचं काम होतं. तो गुडघ्यांवर बसला आणि कागदाच्या कडेनं पूड गोळा करू लागला. तिच्यात आता धूळ आणि पारा मिसळलेला होता, हे मला कळत होतं तर त्याला कळत नसेल का? मी त्याच्या हातातला कागद काढून घेतला. त्यानं दिला.

त्याच आठवड्यात मी त्याला पारनेरला पोचवलं. वर्षभरात हिरड्या बऱ्या झाल्या, झोप आली. हातांचा कंप कमी झाला, गेला नाही. नगरच्या एका शाळेत त्याला सायन्सची मास्तरकी मिळाली. फळ्यावर सूत्रं लिहिताना खडू टकटक वाजायचा आणि पोरं हसायची. पहिल्या सहामाहीतच तो परत आला.

अठ्ठेचाळीसच्या शेवटी त्याला कुणाकडून तरी कळलं की त्याचाच विषय नव्या विद्यार्थ्याला दिलाय. त्या खोलीतच. "मला तिथं घेऊन चल," तो म्हणाला. तोवर पुणे-नगर एस.टी. सुरू झाली होती. सुप्याला आम्ही गाडी धरली.

तो विद्यार्थी नम्र होता. त्यानं आम्हाला स्टुलं दिली. अजीजनं हिरड्यांपासून सगळं सांगितलं. बोलता बोलता उठून त्यानं खिडकी उघडली. मुलगा ऐकत होता, पण त्याची नजर अजीजच्या हातांवर होती.

"सरांनी सांगितलं होतं मला," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही मुळातच जरा हळव्या प्रकृतीचे होता म्हणून." मग त्यानं अवघडून विचारलं, "खिडकी लावू का? काटा हलतोय."

अजीजनं होकारार्थी मान हलवली. मुलानं खिडकी लावली.

संध्याकाळी सुप्याला उतरलो. पारनेरला जाणारं वाहन नव्हतं म्हणून आम्ही फाट्यावर उभे होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तू सांगितलंस. आपल्याकडून व्हायचं ते झालं."

"काय झालं?" त्यानं विचारलं.

 तो रस्त्याकडे पाहत उभा होता. थोड्या वेळानं एक बैलगाडी आली आणि आम्ही तिच्यात बसलो.