खाते दुसऱ्या ठिकाणी सुरू

आमचा ऋषिराज सैन्यात गेला, तेव्हा रहिमतपूरच्या घरातला त्याचा कॉम्प्युटर धाकट्या मायाला मिळाला. ट्रक चालवायचा गेम त्याने ऑनलाइन, स्वतःच्या खात्यावर घेतलेला. विकत घेतलेला गेम कोणी इतरांना फुकट वाटू नये म्हणून ते खाते एका वेळी एकाच ठिकाणी चालते. त्याने छावणीत लॅपटॉपवर गेम उघडला, की इथे मायाचा गेम बंद पडायचा.

"आई, दादानं परत खाली उतरवलं बघ मला! लय माजलाय फौजी," ती ओरडायची.

फौजीच्या घरात ‘कुठे आहेस’ असे विचारत नाहीत. त्याची तुकडी पुढे हलली आणि फोनही थांबले. तेव्हापासून मी गेम बंद करू देत नाही. माया कॉलेजला गेली तरी ट्रक रस्त्याच्या कडेला उभा असतो आणि मी समोर बसून भाजी निवडते.

आज मी भाकरी थापत होते. माया खोलीतून हळूच म्हणाली, "आई, उतरवलं."

पिठाच्या हातांनीच धावले. पडद्यावर एकच ओळ होती: हे खाते दुसऱ्या ठिकाणी सुरू आहे.

मायाचा हात सवयीने माउसकडे गेला. मी तो धरला.

"नको. तू शिरलीस तर तो बाहेर पडेल. खेळू दे त्याला."